भोवळ, मजुरी आणि कायदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



कामगारांच्या आरोग्याविषयी बोलावयाचे म्हटले की काही ठराविक रोगांची नावे आपल्या डोळ्यांसमोर येतात. दगडखाणीतील सिलिकोसिस, सूतगिरणीतील बिसिनोसिस, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसांचा विकार. या रोगांची कायद्यात नोंद व्हावी म्हणून चळवळीने बरीच वर्षे झगडा केला आणि तो रास्तच होता. आज मी ज्या दुखण्याविषयी बोलणार आहे त्याला असे भारदस्त नाव नाही. त्याला आपण भोवळ म्हणतो, घेरी म्हणतो, चक्कर म्हणतो. ते क्ष-किरणाच्या चित्रात दिसत नाही, त्याने ताप चढत नाही, आणि झटका ओसरल्यावर माणूस इतर चारचौघांसारखा दिसतो. मी अर्थशास्त्राचा निवृत्त अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तरीही हा विषय मी घेतला, कारण माझ्या मते तो जितका कानाचा आहे तितकाच मजुरीचा आहे.

आपल्यापैकी ज्यांनी वाहन चालविण्याचा परवाना काढला असेल त्यांना एक कागद आठवेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत ‘नमुना १’ नावाचे एक घोषणापत्र आहे. त्यातील पहिलाच प्रश्न असा की, आपणांस अपस्माराचा, एकाएकी शुद्ध हरपण्याचा किंवा कोणत्याही कारणाने भोवळ येण्याचा विकार आहे काय? ज्याला हौस म्हणून गाडी चालवावयाची आहे त्याला या प्रश्नाचे खरे उत्तर देण्यात फारसा तोटा नाही. परंतु ज्याच्या घरातील चूल त्या परवान्यावर पेटते, त्या ट्रकचालकाने किंवा रिक्षाचालकाने ‘होय’ असे लिहिल्यास त्याचे पुढे काय व्हावे, याविषयी तो कागद काही बोलत नाही. म्हणून उत्तर ‘नाही’ असेच लिहिले जाते. प्रश्न विचारणारे शासन आणि उत्तर देणारा कामगार या दोघांनाही हे ठाऊक असते. मोठ्या बांधकामांवर आणि तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पांवर उंचीवर चढण्यापूर्वी ‘हाइट पास’ घ्यावा लागतो व त्यासाठी ‘व्हर्टिगो टेस्ट’ होते. त्या वेळी परांचीवर चढणारा मजूरही हेच करतो. गेल्या महिन्यात दोनदा जग गरगर फिरले होते ही गोष्ट तो पोटात ठेवतो. तपासणीच्या त्या पाच मिनिटांत भोवळ आली नाही म्हणजे पास मिळतो.

कामगार खोटे का बोलतो, याचा विचार नीतिशास्त्राच्या अंगाने करण्यात अर्थ नाही. खरे बोलण्याची किंमत त्याला एकट्याला भरावी लागते, हे त्याचे साधे आर्थिक कारण आहे. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याभोवतीच आहे.

आता या विकाराचे थोडे शास्त्र पाहू. मनुष्य उभा राहतो, चालतो, ओझे घेऊन वळतो, तेव्हा मेंदूकडे तीन ठिकाणांहून बातम्या पोचत असतात. एक डोळ्यांकडून, दुसरी पायांचे तळवे व सांधे यांच्याकडून, आणि तिसरी अंतर्कर्णातून. अंतर्कर्णात ऐकण्याच्या शंखाकृती भागाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकृती नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. नलिकांत द्रव असतो. डोके वळले की तो मागे रेंगाळतो आणि सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशींना वाकवतो. पिशव्यांत चुन्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्या भाराने शरीर कलल्याची खबर मेंदूला मिळते. या इंद्रियाची परीक्षा कशी करावी हे व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी दाखविले. कान धुताना पाणी फार गार असले तरी रुग्णांना घेरी येते आणि फार गरम असले तरी येते, एवढ्या साध्या निरीक्षणावरून ते तेथवर पोचले. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियाच्या कैदेत युद्धबंदी होते.

या तीन बातम्यांपैकी एखादी चुकीची येऊ लागली तर इतर दोन काही प्रमाणात सांभाळून घेतात. सपाट फरशीवर, भरपूर उजेडात, टेबलाशी बसून काम करणाऱ्याचे त्यामुळे बरेचसे निभावते. परंतु अंधार झाला की डोळ्यांची बातमी तुटते आणि पायाखालची जमीन उंचसखल किंवा हलती असली की तळव्यांची बातमी अविश्वसनीय होते. मग सारा भार कानावर पडतो. आता पाहा, अंधारात आणि अस्थिर जमिनीवर काम कोण करतो? रात्रपाळीचा कामगार, परांचीवरचा गवंडी, होडीवरचा खलाशी, बांधावरून डोक्यावर भारा घेऊन जाणारी शेतमजूर स्त्री. म्हणजे कानाची हानी तेवढीच असूनही प्राध्यापकाला ती गैरसोय ठरते आणि हमालाला बेकारी. वैद्यकाच्या पुस्तकात या दोघांचा रोग एकच असतो. अर्थशास्त्रात तो एक नसतो.

रोगही एक नाही, अनेक आहेत. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतील डॉक्टर प्रॉस्पर मेनियेर यांनी १८६१ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. अशा झटक्यांना तोवर मेंदूत रक्त साकळल्याचे लक्षण समजत आणि रुग्णाचे रक्त काढीत. या झटक्यांचे मूळ कानात असते, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात कानात दडा बसतो, आवाज घुमतो, ऐकणे कमीजास्त होते आणि जग फिरू लागते. ओकाऱ्या होतात, उभे राहवत नाही. हा झटका वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकतो आणि मग जातो. पुन्हा केव्हा येईल ते सांगता येत नाही. दुसरा आणि सर्वांत अधिक आढळणारा प्रकार त्या चुन्याच्या स्फटिकांचा. ते आपल्या जागेवरून सुटून नलिकेत शिरतात आणि कूस बदलताना, खाली वाकताना किंवा वर पाहताना काही सेकंद भयंकर गरगरते. तिसऱ्यात तोलाच्या मज्जातंतूला सूज येते व माणूस काही दिवस अंथरुणाला खिळतो. अर्धशिशीबरोबर येणारी भोवळही आहे. ती स्त्रियांत अधिक आढळते.

प्रत्येक भोवळ कानाचीच असते असे मात्र कोणी समजू नये. २०१९ ते २१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. उपाशीपोटी कामाला जाणाऱ्या बाईला घेरी आली तर तिच्या कानात डोकावण्यापूर्वी तिच्या डब्यात डोकावावे, हे उघड आहे. पण याची दुसरी बाजू अशी की, बाईची प्रत्येक भोवळ ‘अशक्तपणा’ या एका शब्दात निकालात निघते. तिला लोहाच्या गोळ्या मिळतात. पुरुष असेल तर ‘पित्त झाले’ किंवा ‘मानेचे मणके झिजले’ असे सांगून गळ्याभोवती पट्टा बांधला जातो. झटका सर्वांदेखत आला तर ‘फिट आली’ अशी बातमी वस्तीभर होते आणि त्या मुलीचे लग्न जमणे कठीण होऊन बसते. खेड्यात तर बाधा झाली असेही म्हणतात. कानाचे नाव कोणीच काढीत नाही.

ज्यांनी या प्रश्नाची मोजदाद केली त्यांना काय आढळले? लंडन आणि इटलीतील सिएना या दोन शहरांच्या विशेष चिकित्सालयांत आलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातील नोकरी करणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांनी भोवळीपायी काम बदलले होते व २१ टक्क्यांनी काम सोडलेच होते. आपली कार्यक्षमता बरीच घसरली असे निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले. विशेष चिकित्सालयात येणारे रुग्ण अधिक गंभीर असणार, हे लक्षात घेऊनच या आकड्यांकडे पाहिले पाहिजे. पण मला त्यांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ही माणसे ज्या देशांतील आहेत तेथे आजाऱ्याला काही ना काही भत्ता मिळतो, डॉक्टर सरकारी खर्चाने मिळतो. एवढे असूनही पाचांतल्या एकाने काम सोडले. आपल्याकडे काम सोडणे ही चैन ज्याला परवडत नाही, तो काम करीत राहतो आणि पडतो. २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीने अपंगत्वाची जी गणना केली, तीत चालणे, पाहणे, ऐकणे, बोलणे व मानसिक आजार यांची खाती होती. तोलाचे खाते नव्हते. जे मोजलेच जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

याचे जे चित्र मला सर्वांत बोलके वाटते ते ऊसतोडीचे. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामाची उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडाले की खाडा लागतो. बाई वाकून ऊस गोळा करते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेते आणि वाहनाला लावलेल्या शिडीवरून चढून वर टाकते. खाली वाकणे, झटकन उभे राहणे, वर पाहणे, डोक्यावर ओझे घेऊन अरुंद पायरीवर एका पायावर भार टाकणे! सुटलेल्या स्फटिकांची भोवळ नेमकी ज्या हालचालींनी येते त्याच हालचालींचा हा धंदा आहे, आणि बराचसा अंधारात चालतो. तिला घेरी येते म्हणून ती बसली तर खाडा दोघांचा लागतो, कारण कोयता अर्धा होत नाही. कारखाना म्हणतो ती आमची कामगार नव्हे, मुकादम म्हणतो मी मालक नव्हे. राज्य विम्याचे कार्ड तिच्यापाशी नाही. तिचा खर्च तिचे कुटुंबच उचलते. बहुधा शाळेतून काढून आणलेली थोरली मुलगी मोळ्या वाहू लागते आणि हिशेब मिटतो. खाजगी उद्योग आपल्या खर्चाचा मोठा वाटा समाजाच्या अंगावर ढकलून नफा दाखवितो, असे प्रतिपादन विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच केले होते. त्याची मांडणी प्रामुख्याने धूर, सांडपाणी, अपघात अशा गोष्टींवर होती. त्या यादीत या मुलीची शाळाही घालावयास हरकत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक अनुसूची होती. अंगठा तुटला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, संपूर्ण बहिरेपण आले तर १०० टक्के गेली, असा तो दरपत्रकासारखा तक्ता. हीच पद्धत आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. २०१९ व २०२० साली संमत झालेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आल्या, त्यांपैकी ही एक. त्या संहितांविषयी आपला जो एकूण विरोध आहे तो येथे पुन्हा सांगत नाही. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण व्यवसायजन्य रोगांत धरलेले आहे. मागखात्यातील कामगारांची एक पिढी बहिरी झाल्यावर हे घडले. पण त्याच कानाचा दुसरा अर्धा भाग, जो तोल सांभाळतो, तो या तक्त्यात कोठेही नाही. अनुसूचीबाहेरच्या इजेबाबत डॉक्टरने अंदाज द्यावा अशी सोय आहे, परंतु त्यासाठी आधी अपघात सिद्ध व्हावा लागतो. डोक्याला मार लागून तोल गेलेला कामगार कदाचित या दारातून आत जाईल. ज्याचा तोल हळूहळू गेला त्याला हे दारच नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा या मानाने उदार आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. श्रवणदोष त्यांत आहे, आणि तो डेसिबलमध्ये मोजण्याची रीतही दिली आहे. दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी म्हणजे बहिरेपण, ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणे. तोलाच्या इंद्रियाचा मात्र या एकविसांत उल्लेख नाही. मेनियेरच्या विकाराने बेजार झालेला माणूस ५० डेसिबलने कमी ऐकतो आणि आठवड्यातून एकदा जमिनीवर पडून राहतो. कायद्याच्या दृष्टीने तो धडधाकट आहे. कायदा तुटलेला अवयव ओळखतो आणि यंत्रावर मोजता येणारी हानी ओळखतो. येऊन जाणारे दुखणे ओळखण्याची त्याला सवय नाही.

कर्मचारी राज्य विमा योजनेची कथा अशीच आहे. १९४८ च्या मूळ कायद्याने आजारपणात मजुरीचा काही भाग देण्याची तरतूद केली, पुढे हे प्रमाण ७० टक्क्यांवर आले, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. ही योजना म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीची एक चांगली कमाई होय. तिला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. परंतु त्या कायद्यात एक बारीक अट होती. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. आधी भत्ता मिळालेल्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला तरच ही अट सुटते. ताप, विषमज्वर, कावीळ, हाड मोडणे या आजारांना डोळ्यांसमोर ठेवून हा नियम झाला. भोवळीचा झटका सहा तासांचा असतो. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसते, तिसऱ्या दिवशी माणूस कामावर जातो. पुढचा झटका तीन आठवड्यांनी. म्हणजे वर्षभरात त्याचे तीस-पस्तीस दिवस बुडतात आणि त्यांतील एकाही दिवसाची मजुरी त्याला मिळत नाही, कारण प्रत्येक वेळी तो ‘पहिल्या दोन दिवसांत’च असतो. कोणी दुष्टपणाने हे केले असे नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात आजारी माणसाचे जे चित्र होते त्यात हा माणूस नव्हता, इतकेच. शिवाय ही योजना मुळात महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार घेणाऱ्या, नोंदलेल्या आस्थापनांतील कामगारांची. नाक्यावरचा मजूर, घरकामाची बाई, ऊसतोडीची जोडी तिच्याबाहेरच राहिली आहेत.

येथवर मालक आणि कायदा यांच्याविषयी बोललो. एका बाबतीत मात्र देणेकरी स्वतः शासन आहे, आणि त्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली अमेरिकेत सापडले. क्षयाविरुद्ध परिणामकारक ठरलेले ते पहिले प्रतिजैविक. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची चाचणी घेतली. तिचा अहवाल १९४८ साली आला. औषध दिलेल्या ५५ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना भोवळ सुरू झाली होती. म्हणजे हे औषध कानातील तोलाच्या पेशी मारते, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. या औषधाने तोल गमावलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ साली, केवळ जे. सी. या आद्याक्षरांनी, आपला अनुभव एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. नाडीच्या ठोक्याबरोबर त्यांचे डोके किंचित हाले आणि पानावरची अक्षरे उड्या मारीत. वाचता यावे म्हणून ते पलंगाच्या उशाकडील दोन लोखंडी गजांमध्ये आपले डोके घट्ट धरून ठेवीत. ते डॉक्टर होते, म्हणून त्यांना लिहिता आले. आमच्या चाळींतून ज्या गिरणी कामगारांना क्षयाची इंजेक्शने मिळाली त्यांच्या नावे असा लेख नाही.

माझा रोख कोणी चुकीचा समजू नये. स्ट्रेप्टोमायसिनने असंख्य लोकांचे प्राण वाचविले. पिंपरीस १९५४ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पुढे या औषधाचेही उत्पादन झाले. सार्वजनिक क्षेत्राचे ते भूषण होते आणि आजही आपण ते तसेच मानतो. प्राण आणि तोल यांत निवड करावयाची तर प्राणच वाचवावेत. प्रश्न त्यानंतरचा आहे. राष्ट्रीय क्षय कार्यक्रमात, ज्यांचा रोग उलटला किंवा ज्यांचे उपचार मध्येच तुटले अशांना ‘दुसऱ्या गटा’त घालून दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची चोवीस इंजेक्शने देत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ही पद्धत थांबविण्याची शिफारस केली आणि मग आपल्याकडेही ती बंद झाली. कानास घातक असलेली कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शने २०१९ च्या शिफारशींनंतर हटली व गोळ्यांचे उपचार आले. हे चांगलेच झाले. परंतु ज्यांनी ती इंजेक्शने घेतली त्यांपैकी अनेक जण आज हयात आहेत, अनेक जण अजून कामाच्या वयातले आहेत. उपचार मध्येच तोडणारे कोण असतात? जे कामासाठी गाव सोडतात, ज्यांचा मुकादम दवाखान्याला सुटी देत नाही, ते. कार्यक्रमाने त्यांना ‘बरा झाला’ अशा शेऱ्यासह मोकळे केले. क्षय बरा झाला, पण अंधारात चालता येत नाही, ही नोंद करावयास रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. समाजाने आपल्या संरक्षणासाठी, संसर्ग थांबावा म्हणून, ज्याला औषध दिले त्याच्या या हानीची भरपाई समाजाने केली पाहिजे. ही दया नव्हे, देणे आहे.

उपचारांची गोष्टही आपल्या विचारसरणीशी निगडित आहे. स्फटिक सुटून येणाऱ्या भोवळीवर औषध लागत नाही. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टराने अशी रीत शोधली की, रुग्णाला आडवे करून त्याचे डोके ठराविक क्रमाने फिरवावे आणि स्फटिक होते त्या पिशवीत परत जाऊ द्यावेत. पाच-दहा मिनिटांचे काम. यंत्र नको, सुई नको. त्यांच्या व्यवसायबंधूंनी आरंभी त्यांची चेष्टा केली, १९९२ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि आता जगभर ही रीत मान्य आहे. बहुसंख्य रुग्णांना एक-दोन बैठकांत गुण येतो. मग आपल्याकडे काय होते? प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनच्या गोळ्या महिनोन्महिने लिहून दिल्या जातात. या गोळ्या चार दिवसांची ओकारी थांबविण्यापुरत्या ठीक. लांबल्या तर मेंदू स्वतः तोल सावरण्याचे जे काम हळूहळू करीत असतो त्यालाच त्या खीळ घालतात, आणि काहींच्या हातांना कंपवातासारखा कंप सुटतो. डोके फिरविण्यात कोणाचा माल खपत नाही. जो उपचार विकता येत नाही तो बाजार शिकवीत नाही, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. शासनाने तरी शिकवावे. बहिरेपणाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. त्याच्या प्रशिक्षणात प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना ही एक रीत शिकविण्यास कितीसा खर्च येणार?

आपल्यातील काही साथी म्हणतील की, बेकारी, महागाई, कंत्राटीकरण हे डोंगरासारखे प्रश्न समोर असताना हा भोवळीचा प्रश्न कोठे काढला. मी त्यांना इतकेच म्हणेन की, कंत्राटीकरण म्हणजे नेमके काय ते याच ठिकाणी दिसते. कायम कामगाराला भोवळ आली तर पूर्वी मुकादम त्याला महिनाभर खालच्या कामावर ठेवी. खात्यातील जोडीदार सांभाळून घेत. कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी फाटकावरच थांबवितात. हमालांच्या संघटनांनी पोत्याचे वजन शंभर किलोंवरून पन्नासवर आणा ही मागणी लावून धरली तेव्हाही ती किरकोळ वाटली होती. १९६९ चा माथाडी कायदा अशाच किरकोळ वाटणाऱ्या दैनंदिन प्रश्नांतून आला.

मग मागावयाचे काय? कायद्याच्या यादीत तोलाचे इंद्रिय घाला, दोन दिवसांची अट वारंवार येणाऱ्या दुखण्यांना लावू नका, क्षयाच्या जुन्या रुग्णांची तपासणी करा, या मागण्या आपण करूच, आणि त्या मिळण्यास वर्षे लागतील. पण संसदेची वाट न पाहता कामगार संघटनेला करता येण्याजोगे एक काम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील राज्य परिवहन महामंडळाच्या एका बसचालकाच्या बाजूने निकाल दिला. तो रंगांध असल्याचे आढळले म्हणून त्याला सेवेतून काढले होते. रंगांधता अपंगत्वाच्या त्या एकवीस प्रकारांत नाही. तरीही न्यायालयाने त्याला योग्य असे दुसरे काम, पूर्वीची वेतनश्रेणी राखून, द्यावयास सांगितले. कशाच्या आधारावर? तर आंध्रच्या परिवहन महामंडळाने १९७९ साली कामगार संघटनेबरोबर केलेल्या करारातील एका कलमाच्या आधारावर. त्या वेळी वाटाघाटीस बसलेल्या कार्यकर्त्यांनी रंगांध चालकाला पगार राखून दुसरे काम द्यावे एवढे एक वाक्य करारात घालून घेतले, आणि ते सेहेचाळीस वर्षांनी कामास आले.

तेव्हा यापुढे ज्या ज्या साथींच्या संघटना परिवहन, बांधकाम, बंदर, बाजार समिती किंवा कारखाना अशा कोणत्याही ठिकाणी करारास बसतील, त्यांनी त्यात एक कलम अवश्य घालावे. भोवळीचा किंवा तोलाचा विकार कामगाराने स्वतः कळविल्यास त्याला उंचीवरील, वाहनावरील अथवा फिरत्या यंत्राजवळील कामावरून तत्काळ हलवावे, त्याचे वेतन व सेवाज्येष्ठता कायम ठेवावी, आणि बरा झाल्यावर मूळ कामावर परत घ्यावे. ‘स्वतः कळविल्यास’ हे शब्द गाळू नयेत. व्यवस्थापन म्हणेल की यामुळे ढोंगी लोक माजतील. त्याला सांगावे की वेतन तेच राहणार असल्याने ढोंग करून कोणाला काही मिळत नाही, आणि ‘हाइट पास’च्या तपासणीत जे कळत नाही ते कामगाराच्या तोंडून कळण्याचा हाच एक मार्ग आहे. मसुदा मी टंकलिखित करून आणला आहे. चर्चेनंतर ज्यांना हवा असेल त्यांनी प्रती न्याव्यात. त्यातील भाषा आपल्या धंद्याप्रमाणे बदलावी लागेल. बाजार समितीतील साथींनी विशेषतः पाहावे, कारण तेथे मालक एक नसून अनेक आहेत आणि वेतन राखण्याची जबाबदारी माथाडी मंडळावर टाकावी लागेल.